कानांनी पाहिलेला समुद्रतळ

(प्रस्तावना)

परतवाड्यापासून सगळ्यात जवळचा समुद्र सुरतेच्या बाजूला, सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. तरीही समुद्रतळाविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना इथे बसून लिहिताना मला परकेपणा वाटत नाही, कारण आमची माती तिथवर गेलेली आहे. मेळघाटच्या डोंगरांतून सापन आणि बिच्छन खाली उतरतात, त्यांचे पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीत जाते आणि तापी सुरतेखाली अरबी समुद्राला भेटते. पावसाळ्यातले हे गढूळ पाणी जी माती वाटेत टाकत नाही ती समुद्रात जाऊन बसते. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव प्रत्येक कास्तकाराला पाठ असतो. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा स्वभाव तिच्यातल्या स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचा आहे. तेच खनिज महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळाच्या गाळात भरपूर सापडते, आणि दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन ते तिथे पोचले हे भूवैज्ञानिक ओळखतात. १९७२ मध्ये तापीवर उकाईचे धरण पूर्ण झाले तेव्हापासून यातला बराच गाळ जलाशयात अडतो. तो किती साचला हे मोजायचे तर पाण्यावर होडी फिरवतात. तिच्या बुडाशी लावलेले यंत्र खाली आवाज सोडते आणि तळावरून परत आलेला आवाज टिपते. शेतातून वाहून गेलेल्या मातीचा हिशेब शेवटी आवाजच देतो.

आवाजच का, या प्रश्नापासून पुढची सगळी प्रकरणे सुरू होतात. सूर्यप्रकाश समुद्रात फार खोल जात नाही. लाल रंग पहिल्या दहाएक मीटरमध्येच विझतो, आणि २०० मीटरच्या खाली उरतो तो अगदी फिकट निळा अंधुकपणा. एक किलोमीटरपलीकडे काळोखच. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात त्याहून लवकर मरतात, त्यामुळे मोबाइल, जीपीएस, रडार यांपैकी काहीही तिथे चालत नाही. आवाज मात्र पाण्यात हवेपेक्षा चौपट-पाचपट वेगाने, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो आणि लांबवर टिकतो. पाणी गरम की थंड, खारे किती, दाब किती, यावर हा वेग थोडा कमी-जास्त होतो. म्हणून मोजणी करणारे जहाज आधी पाण्याच्या वेगवेगळ्या थरांचे तापमान आणि खारटपणा तपासते आणि मगच आवाजाच्या वेळेचे अंतरात रूपांतर करते. साडेचार हजार मीटर खोल तळावर पाठवलेली हाक परत यायला सहा सेकंद लागतात. त्या सहा सेकंदांत आवाज किती उशिरा आला एवढेच कळत नाही. तो कसा होऊन आला हेही कळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात माठ घेणारी बाई बोटाने तो वाजवून पाहते आणि पक्का की कच्चा, चिरलेला की धड, हे आवाजावरून ठरवते. तळाचेही तसेच आहे. खडक जोरात उत्तर देतो, वाळू त्याहून मंद, आणि मऊ चिखल बराचसा आवाज गिळून टाकतो.

हे तंत्र सापडण्याआधी माणसाकडे फक्त दोरी होती. दोरीच्या टोकाला शिसे बांधायचे, ते सोडायचे, तळाला टेकले असे वाटले की दोरी मोजायची. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने जगाला फेरी मारून खोल समुद्रात अशी ४९२ मोजमापे घेतली. प्रत्येक खोल मोजमापाला काही तास लागत. साऱ्या महासागरांसाठी ४९२ ठिपके, आणि दोन ठिपक्यांमध्ये शेकडो किलोमीटर काहीच माहीत नाही. म्हणून तळ सपाट असावा असा समज टिकून राहिला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले आणि बर्फाचे डोंगर आधीच कसे ओळखता येतील याचा शोध सुरू झाला. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांच्या यंत्राने हिमनगावरून आणि तळावरूनही आवाजाचा प्रतिध्वनी मिळवला. पुढे १९२५ ते १९२७ मध्ये जर्मनीच्या ‘मेटिऑर’ जहाजाने एकट्या दक्षिण अटलांटिकमध्ये ६७ हजारांहून अधिक मोजमापे केली. दोरीची जागा प्रतिध्वनीने घेतल्यावर काय फरक पडतो, तो या दोन आकड्यांत आहे.

त्यानंतरच्या इतिहासात एका बाईजवळ मला थोडे थांबायचे आहे. अमेरिकेतील मेरी थार्प यांना सुरुवातीच्या वर्षांत संशोधन जहाजावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती, कारण त्या स्त्री होत्या. सहकारी ब्रूस हीझन आणि इतर मंडळी जहाजांवरून प्रतिध्वनीच्या नोंदी आणत आणि थार्प जमिनीवर टेबलाशी बसून त्यांचे उंचसखल छेद काढत. एकेक छेद शेजारी ठेवताना त्यांच्या लक्षात आले, की अटलांटिकच्या मधोमध गेलेल्या डोंगररांगेच्या माथ्यावर एक खोल दरी सलग धावते आहे. म्हणजे तळ तिथे फाटतो आहे आणि खंड एकमेकांपासून दूर सरकत आहेत. हीझन यांनाही ते आधी पटले नाही. मग १९५९ मध्ये झाक कुस्तो यांनी न्यूयॉर्कच्या महासागर परिषदेत त्या रांगेवरून ओढत नेलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. दरी होती. थार्प यांनी ऐकलेले खरे ठरले, कारण कोणीतरी ते जवळ जाऊन पाहिले.

या पुस्तकाचा कणा मला याच गोष्टीत दिसतो. आवाज आकार सांगतो, आणि फार दूरवरून, फार लवकर सांगतो. पण आवाजाने काढलेला नकाशा हा अनुमानाचा नकाशा असतो. त्यात काय आहे याची खात्री करायला कोणीतरी खाली उतरावे लागते. माणूस तिथे सहज जाऊ शकत नाही, म्हणून यंत्रमानव जातो. आवाज आणि यंत्रमानव ही समुद्रविज्ञानाची दोन वेगळी खाती नाहीत, एकाचे काम दुसऱ्याशिवाय पुरे होत नाही.

भारतात हे काम कुठे उभे राहिले ते पाहायला मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. गोव्यात पणजीजवळ दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ ची. ‘गवेषणी’ हे तिचे पहिले मोठे संशोधन जहाज. २६ जानेवारी १९८१ रोजी, प्रजासत्ताक दिनी, या जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून धातुमय गोटे वर आणले. बटाट्याएवढे हे काळपट गोटे मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट यांचे असतात आणि दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या संथपणे वाढतात. या शोधाच्या जोरावर १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी भारताच्या नावे झाले. पुढे नियमाप्रमाणे निम्मे सोडून ७५ हजार चौरस किलोमीटर राखले. विषुववृत्ताच्याही दक्षिणेला, पाच हजार मीटरच्या आसपास खोल असलेले हे क्षेत्र दोरीने मोजायचे म्हटले असते तर पिढ्या गेल्या असत्या. १९९० च्या सुमारास ‘सागर कन्या’ जहाजावर हायड्रोस्वीप नावाची मल्टिबीम यंत्रणा आली. ती एकाच वेळी ५९ दिशांना आवाजाचे झोत टाकत असे आणि खोलीच्या दुप्पट रुंदीचा पट्टा मोजत पुढे जात असे. पाच हजार मीटर खोल पाण्यावरून जहाज गेले की खाली दहा किलोमीटर रुंद पट्ट्याचा नकाशा तयार. जिथे आधी कोऱ्या कागदावर चार ठिपके होते तिथे डोंगर, दऱ्या, कडे उमटले.

याच संस्थेत विश्वजित चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परत आलेल्या आवाजाच्या ताकदीवरून तळाचा प्रकार ओळखण्यावर अनेक वर्षे काम केले. आकार कळल्यावर पोत वाचायचा, असे ते काम. पश्चिम किनाऱ्याच्या खंडमंचाच्या उतारावर या गटाला मल्टिबीमच्या नोंदींत शंभराहून अधिक खळगे दिसले. समुद्रविज्ञानात यांना पॉकमार्क म्हणतात. तळाखालच्या गाळातून वायू किंवा पाणी वर सुटते तेव्हा वरचा चिखल खचून असे खळगे पडतात. वर पाण्याचा पृष्ठभाग अगदी सपाट, मासेमारीची गलबते त्यावरून रोज जातात, आणि शे-दोनशे मीटर खाली जमिनीने श्वास टाकल्याच्या खुणा आहेत. त्याच पाण्यात आणखी पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यात, चंद्रशेखर व्यंकट रामन, समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर आणि भूवैज्ञानिक वाडिया यांच्या नावांचे बुडालेले डोंगर आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली अवघा वीसेक मीटर, वर प्रवाळांची वस्ती. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला लागले आहे, पण शाळेच्या नकाशात ते दाखवत नाहीत. दाखवले पाहिजे.

तळाच्याही खाली काय आहे ते जाड, खालच्या पट्टीचा आवाज सांगतो. असा आवाज गाळात आणि खडकात किलोमीटरभर शिरतो आणि प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचे बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र असेच सापडले. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाज ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ने केलेल्या भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात त्याची घडी दिसली आणि १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाला तिथे तेल लागले. पण पश्चिम किनाऱ्यावर या पद्धतीला एक अडसर आहे, आणि तो आमच्या ओळखीचा आहे. गाविलगड ज्या काळ्या बेसाल्टवर उभा आहे, त्याच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर समुद्राखालीही पसरलेले आहेत. ते आवाज इतका विस्कटून टाकतात की त्यांच्या खालचे चित्र धूसर होते. सातपुड्याच्या कड्यावर उभे राहून जो दगड आपण पाहतो, तो अरबी समुद्राखाली शास्त्रज्ञांची वाट अडवून बसलेला आहे.

आता यंत्रमानवांकडे वळू. ते का लागतात हे एका साध्या हिशेबातून कळते. जहाजाच्या बुडाशी असलेल्या यंत्राचा झोत एक अंश रुंद असेल, तर चार हजार मीटर खाली पोचेपर्यंत तो सुमारे ७० मीटर पसरतो. त्या ७० मीटरमध्ये जे असेल त्या सगळ्याचे मिळून एकच उत्तर येते. घराएवढी वस्तू तिथे असली तरी ती दिसणार नाही. वरच्या पट्टीचा, बारीक आवाज वापरला तर तपशील मिळतो, पण बारीक आवाज पाण्यात काही शे मीटरच टिकतो. उपाय एकच, यंत्रच खाली न्यायचे. तळापासून ५० मीटर उंचीवरून तोच एक अंशाचा झोत मीटरभरही पसरत नाही. फरक कानाच्या ताकदीचा नव्हता, अंतराचा होता.

अशा यंत्रांच्या दोन जाती आहेत. एकाला वरच्या जहाजाशी जोडणारी केबल असते. तिच्यातून वीज खाली जाते, चित्र वर येते, आणि जहाजावर बसलेला चालक यंत्राचे हात हलवतो. याला आरओव्ही म्हणतात. दुसरे मोकळे असते. त्याला कामाची वाट आधी शिकवून सोडून देतात आणि ते स्वतःच्या बॅटरीवर तासन्‌तास तळावरून फिरून परत येते. हे एयूव्ही. केबलवाल्याला थांबून नमुना उचलता येतो, मोकळ्याला मोठे क्षेत्र ओळीने विंचरता येते. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे ‘रोसब ६०००’ हे पहिल्या जातीचे यंत्र. २०१० मध्ये ते मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटरपर्यंत उतरले. गोव्याच्या संस्थेने एल्गार देसा यांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीज सहकाऱ्यांसह विकसित केलेले ‘माया’ दुसऱ्या जातीचे, आणि मला विशेष जवळचे वाटणारे. लांबी माणसाच्या उंचीएवढी, वजन सुमारे ५५ किलो, पोच २०० मीटर. एवढे यंत्र लहान होडीतून सोडता येते. खर्चिक जहाजाशिवाय आपल्याच किनाऱ्याचे पाणी तपासता यावे, हा विचार त्यामागे होता. मोठ्या यंत्रांचे कौतुक होतेच, पण देशाला अशा लहान, स्वस्त, अनेक यंत्रांची जास्त गरज आहे, असे माझे मत आहे.

खाली गेलेल्या यंत्रालाही आवाजावाचून गती नाही. तिथे जीपीएस नाही, म्हणून ते तळावर आवाज मारून परत आलेल्या आवाजातल्या बदलावरून स्वतःचा वेग मोजते, आणि जहाज त्याला हाक मारून उत्तर कुठून आले त्यावरून त्याची जागा ठरवते. संदेशही आवाजानेच जातात, आणि इतक्या संथपणे की एक साधे छायाचित्र वर पाठवायलाही बराच वेळ जातो. २००४ च्या सुनामीनंतर भारताने खोल समुद्रात बसवलेली दाबमापकेही अशीच बोलतात. तळावरचे यंत्र वरच्या तरंगत्या बोयाला आवाजाने कळवते, बोया उपग्रहाला, आणि उपग्रह हैदराबादच्या इशारा केंद्राला. ते केंद्र २००७ पासून काम करते आहे.

ही सगळी यंत्रणा माणसांच्या दुःखाला कशी उपयोगी पडते, याचे एक उदाहरण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचे एएन-३२ विमान चेन्नईहून पोर्ट ब्लेअरकडे जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्यात २९ जण होते. जहाजांनी, विमानांनी शोध घेतला, काहीही हाती लागले नाही. साडेसात वर्षे त्या घरांना उत्तर नव्हते. मग चेन्नईच्या संस्थेने आपले मोकळे यंत्र त्या भागात ३,४०० मीटर खोल सोडले. मल्टिबीम आणि बारीक तपशील देणाऱ्या सोनार या ध्वनियंत्राने तळावर काही वेगळे दाखवले, कॅमेऱ्याने जवळ जाऊन छायाचित्रे काढली, आणि ते अवशेष एएन-३२ शी जुळले. जानेवारी २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ते जाहीर केले. आवाजाने जागा दाखवली, छायाचित्राने ओळख पटवली, हा क्रम लक्षात घ्यावा. तसाच क्रम २३ जून १९८५ नंतरही होता. एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने पडले आणि ३२९ जण गेले. सुमारे दोन हजार मीटर खोल पडलेल्या ब्लॅक बॉक्सचा ठावठिकाणा त्यांच्याच ध्वनिसंकेतांनी लावला, आणि ‘स्कॅरब’ नावाच्या केबलवाल्या यंत्राने ते जुलै महिन्यातच वर आणले.

डिसेंबर २०२४ मध्ये याच चेन्नईच्या संस्थेने आणि गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने मिळून हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोल एका जिवंत उष्णजलीय विवराचे छायाचित्र घेतले. तळाच्या भेगांतून आत शिरलेले पाणी तापून खनिजे विरघळवून घेते आणि वर उसळते. बाहेरच्या थंड पाण्यात ती खनिजे साठून धुराड्यासारखे खांब उभे राहतात. सूर्याचा किरणही पोचत नाही अशा ठिकाणी त्यांच्याभोवती जिवांची दाट वस्ती असते. भारताला अशा सल्फाइड खनिजांच्या शोधासाठी आधी मध्य व नैऋत्य हिंदी महासागरी रांगेवर आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अरबी समुद्राकडच्या कार्ल्सबर्ग रांगेवर क्षेत्रे मिळाली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीयांनी फ्रान्सच्या ‘नॉटिल’ या पाणबुडीतून अटलांटिकमध्ये खोल बुड्या घेतल्या, त्यातली एक ५,००२ मीटरची. ‘मत्स्य ६०००’ या आपल्या स्वतःच्या पाणबुडीतून तिघांना सहा हजार मीटरवर नेण्याची ती तयारी आहे. यंत्रमानव असताना माणसाने का जायचे, हा वाद जगभर आहे. माझ्या मते शोधाच्या कामात यंत्राने पुढे जावे. माणसाने थोड्या ठिकाणी, निवडून जावे.

इथे मला वऱ्हाडातल्या एका गोष्टीची आठवण करून द्यायची आहे. गाविलगडच्या पायथ्याने एक मोठा भूभ्रंश गेलेला आहे आणि त्याच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा गाळ साचला आहे. दर्यापूरपासून अकोल्याकडे आणि पुढे बुलडाण्यापर्यंत या गाळात खारे पाणी लागते. आपला खारपाणपट्टा. तिथे पिण्याच्या पाण्याचे आणि शेतीचे हाल कसे आहेत ते इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. या पट्ट्यात पूर्वी समुद्र होता असे गावोगाव ऐकायला मिळते. तर्क सोपा आहे, पाणी खारे म्हणजे समुद्र. पण बोर खणून काढलेला गाळ पाहिला तर तो नदीने आणलेला निघतो, आणि खारेपणाचा संबंध कोरडे हवामान आणि पाण्याचा निचरा न होणे याच्याशी जोडला जातो. या दोन उत्तरांतला फरक पुस्तकी नाही. पट्ट्याचे काय करायचे, कुठे पाणी मुरवायचे, कुठे नळयोजना आणायची, हे त्यावर ठरते. आणि तो फरक नमुना हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळला नसता.

समुद्रतळाच्या बाबतीत जगाची घाई नेमकी याच जागी आहे. धातुमय गोट्यांचे साठे भारताच्या क्षेत्रात ३८ कोटी टन असल्याचा अंदाज आहे. बॅटऱ्यांसाठी निकेल-कोबाल्ट लागते, म्हणून अनेक देशांच्या आणि कंपन्यांच्या नजरा तळावर आहेत. या बाबतीत गोव्याच्या शास्त्रज्ञांनी एक शहाणे काम खूप आधी करून ठेवले. १९९७ मध्ये राहुल शर्मा आणि सहकाऱ्यांनी मध्य हिंदी महासागरात तीन किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळला आणि नंतर तिथल्या गाळाचे, जिवांचे काय होते ते तपासत राहिले. खाणकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्याचा परिणाम मोजायचा, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. पेरूजवळच्या खोऱ्यात जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये नांगरासारखे अवजार ओढून असाच प्रयोग केला होता. २०१५ मध्ये, २६ वर्षांनी, यंत्रमानवांनी तिथे जाऊन छायाचित्रे काढली तेव्हा नांगराचे तास जसेच्या तसे दिसत होते. आपल्या रानात तास एका पावसात मिटतो. तिथे पाऊस नाही, गाळ हजार वर्षांत मिलिमीटरच्या हिशेबाने पडतो. शिवाय जोरदार आवाजाने देवमासे आणि डॉल्फिन यांची वाट चुकते, त्यांचे एकमेकांशी बोलणे बुडते. आवाज वापरायचा तर त्याचीही मर्यादा पाळली पाहिजे. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. जो तळ आधी ऐकला, मग जवळून पाहिला आणि मग काही वर्षे निरखला, त्याच तळाबद्दल उपसण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार माणसाला येतो. त्याआधी नाही.

आणि ऐकलेले-पाहिलेले किती आहे? २०१७ मध्ये ‘सीबेड २०३०’ हा जागतिक प्रकल्प सुरू झाला तेव्हा जगाच्या समुद्रतळाचा सहा टक्के भाग नीट मोजलेला होता. जून २०२५ पर्यंत तो २७.३ टक्क्यांवर आला. उरलेल्या भागाचे जे नकाशे आपण पाहतो ते बहुतांश उपग्रहांवरून काढलेले आहेत. बुडालेल्या डोंगराच्या ओढीने त्याच्यावर समुद्राचा पृष्ठभाग किंचित फुगतो, त्या फुगवट्यावरून खालच्या डोंगराचा अंदाज केलेला असतो. त्यात काही किलोमीटरहून लहान असे काही कळत नाही. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेची अणुपाणबुडी ‘सॅन फ्रान्सिस्को’ अशाच एका नीट न नोंदलेल्या डोंगरावर आदळली आणि एका खलाशाचा जीव गेला. डोळ्यांनी पाहिल्याचा हिशेब तर फारच लहान आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आजवर माणसाने किंवा त्याच्या कॅमेऱ्याने खोल समुद्रतळाचा ०.००१ टक्क्याहून कमी भाग प्रत्यक्ष पाहिला आहे. हे क्षेत्र सुमारे ३,८०० चौरस किलोमीटर भरते. आपला मेळघाट व्याघ्र प्रकल्प सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे साऱ्या जगातल्या खोल समुद्राचा पाहिलेला तळ एकत्र केला तर मेळघाटच्या दीडपटही होत नाही. मेळघाटात तरी किती कोपरे अजून नीट पाहायचे राहिले आहेत, ते इथल्या वनरक्षकांना विचारावे.

पुढची प्रकरणे वाचताना एक काम करावे अशी माझी वाचकांना, आणि विशेषतः अचलपूर-परतवाड्याच्या शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांना विनंती आहे. गेब्को या आंतरराष्ट्रीय मंडळाचा जगाच्या समुद्रतळाचा नकाशा कोणालाही फुकट उघडता येतो. मोबाइलवरही तो दिसतो. त्याच्यासोबत एक दुसरा थर मिळतो. नकाशातला कोणता चौकोन खरोखर आवाजाने मोजलेला आहे आणि कोणता केवळ अंदाजाने भरलेला आहे, ते त्यात रंगाने दाखवलेले असते. तापीच्या मुखापासून सुरुवात करा, तिथून मुंबई, रत्नागिरी, गोवा, मग लक्ष्मी खोरे आणि कार्ल्सबर्ग रांग. प्रत्येक ठिकाणी मुलांना विचारा, की हे मोजलेले आहे की मानलेले. आणि मग या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडा.